पायावर डोळा उगवतो तेव्हा: पेशी आपली जनुकं चालू-बंद कशी करते

फळमाशीच्या पायावर डोळा उगवू शकतो. पंखावरही उगवतो, मिशीवरही. १९९५ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेल विद्यापीठात वॉल्टर गेरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा माशा तयार करून दाखवल्या. 'आयलेस' नावाचं एक जनुक माशीत एरवी मुख्यतः डोळे जिथे यायचे असतात तिथे चालू होतं. ते त्यांनी अळीच्या अवस्थेत भावी पायाच्या पेशींमध्ये चालू केलं, बस्स. (हे जनुक बिघडलं की माशीला डोळे येत नाहीत, म्हणून त्याचं नाव असं.) माशी पूर्ण वाढली तेव्हा पायावर लालभडक डोळा होता. भिंगं, रंगद्रव्य, प्रकाश टिपणाऱ्या पेशी, सगळं जागच्या जागी.

पुढची गोष्ट त्याहून गमतीची. माशीच्या जनुकाऐवजी उंदराचं त्याच घराण्यातलं जनुक, पॅक्स-६, वापरलं तरी डोळा आलाच. आणि आला तो माशीचा, शेकडो बारीक भिंगांचा. उंदराच्या जनुकाने 'इथे डोळा' एवढंच सांगितलं. कसला डोळा आणि तो कसा बांधायचा हे माशीच्या जनुकांनी पाहून घेतलं. माणसातही पॅक्स-६ आहे. त्याच्या दोन प्रतींपैकी एक निकामी असेल तर बाळाच्या डोळ्यातला रंगीत पडदा नीट तयारच होत नाही.

म्हणजे पायाच्या पेशीकडे डोळा बांधायची सगळी माहिती पहिल्यापासून होती. ती वाचली जात नव्हती, इतकंच. शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीची हीच गत आहे. माणसाच्या डीएनएत सुमारे ३०० कोटी अक्षरं आणि प्रथिनं बनवण्याची माहिती असलेली साधारण २०,००० जनुकं आहेत. यकृताच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत हा मजकूर सारखाच असतो. अपवाद थोडे: तांबड्या रक्तपेशी केंद्रकच टाकून देतात आणि रोगप्रतिकारक पेशींपैकी काही जणी आपल्या डीएनएची थोडी काटछाट करतात. बाकीच्यांमधला फरक सगळा वाचनातला.

डीएनए म्हणजे शरीराचा आराखडा, असं आपल्याला शाळेपासून सांगितलं जातं. ही उपमा मला कधी पटली नाही. आराखडा वाचायला कोणीतरी लागतं आणि पेशीत असं कोणी बसलेलं नसतं. तिथे फक्त रेणू असतात. ते एकमेकांवर आदळतात, काही चिकटतात, काही सुटतात. कोणतं जनुक कधी, कुठे आणि किती वेळ वाचलं जाणार हे या चिकटण्या-सुटण्यातूनच ठरतं. ते कसं, हे समजायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे जीवाणू.

दोन साखरा आणि एक जीवाणू

आधी 'जनुक चालू आहे' म्हणजे काय ते पाहू. आरएनए पॉलिमरेज नावाचं एक मोठं प्रथिन जनुकाच्या सुरुवातीला डीएनएवर बसतं आणि पुढे सरकत त्या जनुकाची आरएनए या डीएनएसारख्याच रेणूत नक्कल उतरवतं. ती नक्कल रायबोसोम या प्रथिनं बांधणाऱ्या यंत्राकडे जाते आणि तिच्याबरहुकूम प्रथिन तयार होतं. प्रत्यक्ष कामं बहुतेक प्रथिनंच करतात. पॉलिमरेज बसलं की जनुक चालू, बसू शकलं नाही की बंद.

१९४०च्या सुमारास पॅरिसमध्ये जाक मोनो जीवाणूंच्या वाढीचा अभ्यास करत होते. जीवाणूंना ग्लुकोज आणि सोबत दुसरी एखादी साखर दिली की वाढीचा आलेख कधी कधी विचित्र यायचा. वाढ जोरात, मग थोडा वेळ ठप्प, मग पुन्हा जोरात. जीवाणू आधी ग्लुकोज संपवत होते. ते संपल्यावर दुसरी साखर पचवायचं विकर (एन्झाइम, रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) बनवायला वेळ लागत होता, तेवढा वेळ वाढ थांबत होती. विकर आधीपासून तयार ठेवत नव्हते, गरज पडली की बनवत होते. जीवाणूला गरज कळते कशी?

उत्तर यायला वीस वर्षं गेली. १९६१ साली मोनो आणि फ्रान्स्वा जाकोब यांनी ते मांडलं आणि १९६५ साली आंद्रे ल्वॉफ यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. त्यांचं उदाहरण होतं ई. कोलाय हा जीवाणू आणि लॅक्टोज ही दुधातली साखर. आज आपल्याला त्या यंत्रणेतले रेणू सुटे सुटे माहीत आहेत, म्हणून ती जवळून पाहण्यासारखी आहे.

लॅक्टोजसाठी लागणारी जनुकं डीएनएवर एकापुढे एक आहेत. एकापासून लॅक्टोज कापणारं विकर बनतं, दुसऱ्यापासून लॅक्टोज आत घेणारं आवरणातलं प्रथिन. जनुकांच्या सुरुवातीलाच, पॉलिमरेजच्या वाटेत, डीएनएचा एक छोटा तुकडा आहे आणि त्यावर रिप्रेसर नावाचं प्रथिन घट्ट बसलेलं असतं. ते बसलेलं असेपर्यंत नक्कल उतरवता येत नाही. एका जीवाणूत या रिप्रेसरचे रेणू किती? साधारण दहा. जीवाणूच्या डीएनएत ४६ लाख अक्षरं आणि त्यात आपली नेमकी जागा शोधायला एवढेच दहा जण. तरी एका रिप्रेसरला ती जागा काही मिनिटांत सापडते. डीएनएवर कुठेही टेकायचं, थोडं अंतर घसरत जायचं, सुटायचं, दुसरीकडे टेकायचं, अशी त्याची तऱ्हा असते.

आता लॅक्टोज आलं. पेशीत शिरल्यावर त्यातल्या काहीचं रूपांतर ॲलोलॅक्टोज नावाच्या जवळच्याच रेणूत होतं. तो रिप्रेसरच्या एका खोबणीत बसतो, रिप्रेसरचा आकार किंचित बदलतो आणि डीएनएवरची त्याची पकड ढिली पडते. रिप्रेसर सुटतो, वाट मोकळी होते. लॅक्टोज संपलं की खोबण रिकामी होते आणि रिप्रेसर पुन्हा आपल्या जागी जाऊन बसतो.

पण ग्लुकोजही समोर असेल तर? वाट मोकळी असली तरी या ठिकाणी पॉलिमरेज आपणहून फारसं टिकत नाही. त्याला शेजारी बसून धरून ठेवणारं दुसरं एक प्रथिन लागतं आणि ते प्रथिन ग्लुकोज कमी असतानाच डीएनएवर बसू शकतं. कारण त्याला लागणारा छोटा जोडीदार रेणू, चक्रीय एएमपी, ग्लुकोज भरपूर असताना फारसा तयार होत नाही. एकूण हिशेब असा: लॅक्टोज आहे आणि ग्लुकोज नाही, तरच जनुकं पूर्ण जोरात चालतात. विकराचे रेणू मोजके असतात, ते काही हजारांवर जातात.

इथे चलाख वाचक अडेल. लॅक्टोज आत आल्याशिवाय जनुकं चालू होत नाहीत. पण लॅक्टोज आत घेणारं प्रथिन त्याच जनुकांपासून बनतं. मग पहिला रेणू आत आला कसा? आणि लॅक्टोजचं ॲलोलॅक्टोज करायलाही तेच विकर लागतं! याचं उत्तर असं की रिप्रेसरची पकड शंभर टक्के नसते. अधूनमधून तो आपोआप सुटतो, पुन्हा बसेपर्यंत एखादी नक्कल उतरून जाते, दोन-चार प्रथिनं तयार होतात. यंत्रणेतली ही गळती आपल्याला दोष वाटते, पण तिच्याशिवाय यंत्रणा कधी सुरूच झाली नसती.

या गळतीचा आणखी एक परिणाम आहे. १९५७ साली ॲरन नोव्हिक आणि मिल्टन वायनर यांनी दाखवलं की जनुकं चालू करणारा रेणू थोड्याच प्रमाणात दिला, तर सगळे जीवाणू थोडे थोडे चालू होत नाहीत. काही पूर्ण चालू होतात, काही पूर्ण बंद राहतात. एखाद्यात योगायोगाने रिप्रेसर जरा जास्त वेळ सुटलेला राहिला की आत घेणारी प्रथिनं वाढतात, त्यामुळे रेणू आणखी आत येतात, त्यामुळे प्रथिनं आणखी वाढतात. शेजारचा जीवाणू, तोच डीएनए, तेच पाणी, पण तिथे तो योगायोग घडलेला नसतो. जुळ्या पेशी वेगळ्या वागू शकतात हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं सत्य वाटतं.

एक गोष्ट लक्षात घ्या. लॅक्टोजला रिप्रेसरबद्दल काही माहीत नाही आणि रिप्रेसरला दुधाशी घेणंदेणं नाही. कोणाला काहीही कळत नसताना योग्य विकर योग्य वेळी बनतं.

तीनशे कोटी अक्षरांत पत्ता शोधायचा कसा

माणसाच्या पेशीत तत्त्व हेच, पसारा मात्र प्रचंड. प्रत्येक पेशीत सुमारे दोन मीटर डीएनए असतो आणि तो काही मायक्रोमीटरच्या केंद्रकात मावतो. हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या गठ्ठ्यांभोवती तो गुंडाळलेला असतो, एका गठ्ठ्याभोवती १४७ अक्षरं, जवळपास पावणेदोन वेढे. गुंडाळी घट्ट असेल तर पॉलिमरेजला आत शिरता येत नाही. जीवाणूत जनुक बंद ठेवायला बहुधा रिप्रेसर लागतो. आपल्या पेशीत जनुक मुळातच बंद असतं, ते उघडायला मेहनत लागते.

उघडण्याचं काम ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर नावाची प्रथिनं करतात. माणसात त्यांचे सुमारे १,६०० प्रकार आहेत. पॅक्स-६ त्यातलंच एक. प्रत्येकाला डीएनएवरचा ठराविक अक्षरक्रम ओळखता येतो. तो बहुधा सहा ते बारा अक्षरांचाच असतो आणि इथे एक अडचण आहे. डीएनएत अक्षरं चारच. सहा अक्षरांचा एखादा क्रम निव्वळ योगायोगाने सरासरी दर ४,०९६ अक्षरांमागे एकदा येणार. तीनशे कोटी अक्षरांत असे सात लाखांहून अधिक पत्ते निघतात. एवढ्या खोट्या पत्त्यांत खरा कोणता?

एकट्या फॅक्टरला ते सांगता येत नाही. म्हणून आपल्या पेशीत जनुक उघडायला जमाव लागतो. डीएनएच्या काहीशे अक्षरांच्या पट्ट्यात पाच-दहा वेगवेगळ्या फॅक्टरांचे पत्ते जवळजवळ असतील आणि ते सगळे फॅक्टर त्या पेशीत हजर असतील, तरच पकड टिकते. मग ते विकरांना बोलावतात, विकरं हिस्टोनवर ॲसिटिल गट चिकटवतात, गुंडाळी सैल होते, पॉलिमरेजला जागा मिळते. एक फॅक्टर यकृतातही असेल आणि मूत्रपिंडातही, पण त्याच्या सोबतचे वेगळे असल्यामुळे तो दोन्हीकडे वेगवेगळी जनुकं उघडतो. १,६०० प्रकारांतून किती तऱ्हेचे जमाव बनतील याचा अंदाज केला की दोनशेहून जास्त प्रकारच्या पेशी कशा निघतात याचं आश्चर्य उरत नाही.

डीएनएच्या अशा पट्ट्याला एन्हान्सर म्हणतात. तो जनुकाच्या शेजारीच हवा असं नाही. सॉनिक हेजहॉग हे जनुक घ्या (नाव एका व्हिडिओ गेमवरून आलंय, जनुकांना नावं देणाऱ्यांच्या विनोदबुद्धीला तोड नाही). गर्भात हात-पाय बनताना ते करंगळीच्या बाजूच्या मोजक्या पेशींत चालू होतं. त्याला तिथे चालू करणारा एन्हान्सर मात्र सुमारे दहा लाख अक्षरं दूर आहे, तोही भलत्याच जनुकाच्या पोटात. डीएनए लवचीक असल्याने त्याची वळी पडते आणि ही दोन टोकं केंद्रकात जवळ येतात.

या एन्हान्सरमध्ये एखादं अक्षर बदललं तर जनुक अंगठ्याच्या बाजूलाही थोडं चालू होतं आणि जादा बोट येतं. माणसात अशी कुटुंबं आहेत. अर्नेस्ट हेमिंग्वेच्या फ्लोरिडातल्या घरात सहा बोटांची मांजरं पिढ्यानपिढ्या आहेत, त्यांच्यातही याच एन्हान्सरमध्ये एका अक्षराचा फरक सापडला. उलटा प्रयोग २०१६ साली झाला. उंदरातला हा एन्हान्सर काढून त्या जागी सापाचा घातला, तर उंदराचे पाय खुंटले. सापाच्या एन्हान्सरमध्ये १७ अक्षरं गळालेली होती. ती परत घातल्यावर पाय पुन्हा आले. लक्षात घ्या, सॉनिक हेजहॉग जनुकाला या दोन्ही प्रयोगांत कोणी हात लावला नव्हता. मेंदूत, पाठीच्या कण्यात ते आपलं काम बिनबोभाट करत होतं, कारण तिथले एन्हान्सर वेगळे. जनुकच बिघडवलं असतं तर पिल्लू जगलंच नसतं.

दुधाचंही असंच. लॅक्टोज पचवणारं आपलं विकर म्हणजे लॅक्टेज. त्याचं जनुक जवळपास प्रत्येक माणसात शाबूत असतं आणि बाळपणी ते जोरात चालतं. पुढे बहुसंख्य माणसांत ते मंदावतं आणि मोठेपणी दूध बाधतं. ज्यांना आयुष्यभर दूध पचतं त्यांच्यापैकी अनेकांत जनुकापासून सुमारे १४,००० अक्षरं अलीकडे एकच अक्षर बदललेलं आहे. त्यामुळे एन्हान्सर मोठेपणीही चालू राहतो. पूर्व आफ्रिकेतल्या गुरं पाळणाऱ्या लोकांत त्याच पट्ट्यातली दुसरी अक्षरं स्वतंत्रपणे बदलली आणि परिणाम तोच आला.

मी कुठे आहे, हे पेशीला कसं कळतं

एका फलित अंड्यापासून सगळं सुरू होतं. मग पहिल्यांदा फरक पडतो तो कुठून? फळमाशीत याचं उत्तर फार सुंदर मिळालं. मादी अंडं बनवतानाच त्याच्या एका टोकाला बायकॉइड नावाच्या जनुकाचा आरएनए ठेवून देते. अंड्यात तो त्या टोकाशी बांधलेला राहतो, पण त्यापासून बनणारं प्रथिन पसरत जातं. अर्थात टोकाशी दाट आणि दूर जावं तसं विरळ. अंडं अर्ध्या मिलिमीटरचं. सुरुवातीला त्यात पेशींची आवरणंही नसतात, नुसती केंद्रकं दुप्पट-चौपट होत सुमारे सहा हजारांवर जातात. प्रत्येक केंद्रक आपल्या भोवतीचं बायकॉइड किती दाट आहे यावर प्रतिसाद देतं. दाट असेल तर डोक्याची जनुकं, मध्यम असेल तर छातीची, एका मर्यादेखाली गेलं तर गप्प. अंड्याच्या मध्याजवळ शेजारशेजारच्या दोन केंद्रकांभोवतीच्या दाटीत फरक सुमारे १०% असतो आणि तेवढ्यावर सीमारेषा नेमकी आखली जाते.

आईकडूनच बायकॉइड मिळालं नाही तर अळीला डोकं आणि छाती येत नाही. हा आरएनए अंड्याच्या मध्यभागी टोचला तर डोक्याचे भाग मध्यभागी तयार होऊ लागतात. क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड यांच्या प्रयोगशाळेत हे १९८०च्या दशकात उलगडलं. शरीराची मांडणी ठरवणाऱ्या जनुकांवरच्या कामासाठी त्यांना एरिक वीशाउस आणि एडवर्ड लुईस यांच्यासह १९९५चं नोबेल मिळालं. माणसाच्या अंड्यात बायकॉइड नाही. पण दाट-विरळ होत जाणारा रेणू आणि त्यावरून आपली जागा ओळखणाऱ्या पेशी ही युक्ती सगळ्या प्राण्यांत आहे. सॉनिक हेजहॉग बोटांच्या बाबतीत तेच करतं.

एकदा ठरलं की ते टिकतं कसं, हा पुढचा प्रश्न. यकृताची पेशी विभागली की दोन यकृताच्याच पेशी होतात, हे आपण गृहीत धरतो. पण ज्या रेणूंनी सुरुवातीला तिला यकृत बनवलं ते तर कधीच निघून गेलेले असतात. इथे डीएनएवरच्या रासायनिक खुणा कामी येतात. काही ठिकाणी डीएनएच्या अक्षराला मेथिल गट चिकटतो आणि तो भाग बंद ठेवायला मदत होते. पेशी विभागताना डीएनएच्या दोन धाग्यांपैकी जुन्यावर खूण असते, नव्यावर नसते. अशा अर्धवट खुणेच्या जागा ओळखणारं एक विकर आहे. ते नव्या धाग्यावर खूण पूर्ण करतं. अक्षर न बदलता सवय पुढच्या पेशीत जाते.

हे नुसत्या डोळ्यांनी पाहायचं असेल तर काळी-केशरी ठिगळं असलेली मांजर पाहा. ती जवळपास नेहमी मादी असते. मादीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात आणि गर्भ अगदी लहान असताना प्रत्येक पेशी त्यातलं एक जवळपास कायमचं बंद करते. कोणतं, ते निव्वळ नशिबावर. पुढे त्या पेशीची सगळी संतती तेच बंद ठेवते. मांजरीत केशरी रंगाची माहिती एक्सवर असते, म्हणून एका पेशीच्या वंशाचं ठिगळ केशरी, शेजारचीचं काळं. मेरी लायन यांनी ही कल्पना १९६१ साली उंदरांवरून मांडली.

अशा खुणा पुसता येतात का? बराच काळ उत्तर 'नाही' असं मानलं जाई. १९६२ साली जॉन गर्डन यांनी बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक अंड्यात घालून पोहणारी पिल्लं वाढवली आणि त्या समजाला पहिला धक्का दिला. २००६ साली शिन्या यामानाका यांनी त्वचेखालच्या साध्या पेशीत २४ निवडक जनुकं घालून सुरुवात केली आणि गाळत गाळत चारवर आले. ही चार चालू केली की उंदराची पेशी गर्भातल्या पेशीसारखी होते आणि तिच्यापासून पुन्हा जवळपास कोणतीही पेशी बनवता येते. चारही जनुकं ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरांची. दोघांना २०१२ सालचं नोबेल मिळालं.

नष्ट करणं हेही नियंत्रणच

आतापर्यंत जनुक वाचायचं की नाही एवढंच पाहिलं. नक्कल उतरल्यावरही पेशीचा हात सुटत नाही. १९९३ साली एका सूक्ष्म कृमीत अवघ्या २२ अक्षरांचा आरएनए सापडला. तो दुसऱ्या आरएनएला चिकटून त्यापासून प्रथिन बनू देत नाही. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकन यांच्या या शोधाकडे कृमीतली एक विचित्र गोष्ट म्हणून सात वर्षं फारसं कोणी पाहिलं नाही. मग असाच दुसरा सापडला, तोही माणसापर्यंत सगळीकडे. २०२४चं नोबेल त्यासाठी.

पण मला खरी नवलाची वाटते ती प्रथिनांची मोडतोड. पेशीत एचआयएफ नावाचं एक प्रथिन आहे, ऑक्सिजन कमी पडल्यावर उपयोगी पडणारं. ते पेशी सतत बनवते आणि ऑक्सिजन असेपर्यंत सतत नष्टही करते. काही मिनिटांच्या वर ते जगत नाही. ही उधळपट्टी का? नळ चालू आणि मोरीही उघडी असेल तर टाकी रिकामीच राहते, पण मोरीला बोळा लावला की पाणी लगेच चढतं. नळ शोधून सुरू करण्यापेक्षा हे किती तरी झटपट. इथे मोरी उघडी ठेवणारा ऑक्सिजन स्वतःच आहे. एक विकर ऑक्सिजन वापरून एचआयएफवर खूण करतं, त्या खुणेवरून ते पकडून फोडलं जातं. ऑक्सिजन घटला की खूण होत नाही, एचआयएफ साचतं आणि तांबड्या पेशी वाढवणाऱ्या, नव्या रक्तवाहिन्या आणणाऱ्या जनुकांवर जाऊन बसतं. २०१९चं नोबेल या कामाला मिळालं.

पेशी विभागण्याचं घड्याळही मोडतोडीवरच चालतं. १९८२ साली टिम हंट यांनी सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यांत पाहिलं की एक प्रथिन हळूहळू साचत जातं आणि पेशी विभागतानाच एकदम गायब होतं. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. सायक्लिन असं त्याला नाव पडलं. ते साचलं की विभाजनाची तयारी सुरू होते आणि ते फोडलं गेल्याशिवाय विभाजन पुरं होत नाही. या यंत्रणेतलं दुसरं प्रथिन पॉल नर्स यांनी यीस्टमध्ये शोधलं होतं. ते बिघडलेल्या यीस्टमध्ये माणसाचं जनुक घातलं तर यीस्ट पुन्हा विभागू लागलं. या घड्याळाचे ब्रेक निकामी झाले की कर्करोगाची वाट मोकळी होते. डीएनए तुटला असताना विभाजन थांबवणारं पी-५३ हे प्रथिन माणसाच्या साधारण निम्म्या कर्करोगांत बिघडलेलं सापडतं.

आता या ज्ञानाचा उपयोग. सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर चुकलेलं असतं, त्यामुळे तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात. पण प्रत्येक माणसाकडे हिमोग्लोबिनचं दुसरं, चांगलं जनुक असतं: गर्भात असताना वापरलेलं. जन्मानंतरच्या काही महिन्यांत ते बंद होतं. ते बंद करणाऱ्यांत मुख्य आहे बीसीएल-११ए नावाचा फॅक्टर. मग तो फॅक्टरच काढून टाकला तर? ते चालत नाही, कारण रक्ताच्या मूलपेशींना आणि काही रोगप्रतिकारक पेशींना तो हवा असतो. मार्ग निघाला तो एन्हान्सरमधून. बीसीएल-११ए जनुकाला तांबड्या पेशींच्या वंशातच चालू ठेवणारा एक एन्हान्सर सापडला. डीएनए नेमक्या जागी कापणाऱ्या क्रिस्पर तंत्राने त्यातला एका फॅक्टरचा पत्ता तेवढा मोडला की तांबड्या पेशींत बीसीएल-११ए घटतो, गर्भातलं हिमोग्लोबिन परत बनू लागतं आणि बाकीच्या पेशींना कळतही नाही. चुकलेलं अक्षर तसंच राहतं, ते दुरुस्त करावं लागत नाही.

या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मंजुरी दिली. क्रिस्परवर आधारलेला हा पहिला मंजूर उपचार. तो सोपा मात्र नाही. रुग्णाच्या रक्तातून मूलपेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात बदल करायचा, दरम्यान तीव्र औषधांनी रुग्णाची जुनी अस्थिमज्जा रिकामी करायची आणि मग बदललेल्या पेशी परत सोडायच्या. यातला सगळ्यात त्रासाचा भाग ती औषधं आहेत. पेशी बाहेर न काढता क्रिस्परची सामग्री थेट अस्थिमज्जेतल्या मूलपेशींपर्यंत कशी पोहोचवता येईल, यावर सध्या काम चालू आहे.